व्यायामानंतरही उरणारी चरबी

वर्ष-दीड वर्ष नेमाने व्यायाम झालेला असतो. ताटातला भात कमी केलेला असतो, चहातली साखर सुटलेली असते, वजनकाट्यावर दहा-बारा किलोंचा फरक दिसत असतो. चेहरा उतरतो, खांदे उठून दिसू लागतात. पण बेंबीखालची वळी आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचे फुगवटे जागचे हलत नाहीत. बायकांची हीच तक्रार मांड्यांच्या बाहेरच्या बाजूबद्दल आणि नितंबांखालच्या भागाबद्दल असते. ‘सर, खालचं पोट जातच नाही,’ हे वाक्य ऐकलं नाही असा ट्रेनर सापडणार नाही. मग क्रंचेस वाढतात, जेवण आणखी कमी होतं आणि कधीतरी मोबाइलच्या पडद्यावर लिपोसक्शनची, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेची, जाहिरात येते.

सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२२ साली जगभरात लिपोसक्शनच्या वीस लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सौंदर्य शस्त्रक्रियांमध्ये त्या वर्षी तिचा क्रमांक पहिला होता. हा वजन कमी करण्याचा झटपट उपाय आहे आणि तो व्यायामाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी आहे, असा समज मात्र अजून टिकून आहे. प्रत्यक्षात ही शस्त्रक्रिया सर्वांत चांगली मानवते ती वजन आटोक्यात असलेल्या, स्नायू कमावलेल्या आणि एखाद्या ठरावीक जागीच चरबी उरलेल्या माणसाला. म्हणून तिची नीट माहिती जिमला जाणाऱ्यांनाच अधिक हवी. ती अर्धवट असेल तर पैसे जातात, आणि कधी कधी त्याहून बरंच काही जातं.

चरबी सगळीकडून सारखी का उतरत नाही

चरबीच्या पेशीत साठलेलं इंधन बाहेर काढण्याचा हुकूम मुख्यतः ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची संप्रेरकं देतात. हा हुकूम घेणारे रिसेप्टर पेशीवर दोन प्रकारचे असतात. बीटा रिसेप्टर चरबी मोकळी करायला लावतात, अल्फा-२ रिसेप्टर ती धरून ठेवायला लावतात. दोन्हींचं प्रमाण शरीराच्या प्रत्येक भागात वेगळं असतं. स्त्रियांच्या मांड्या आणि नितंबांवरच्या चरबीत अल्फा-२ जास्त असतात. गरोदरपण आणि स्तनपानाच्या काळासाठीची ती राखीव शिदोरी आहे आणि इस्ट्रोजेन तिची राखण करतं. पुरुषांत ही धरून ठेवणारी चरबी बेंबीखाली आणि कमरेच्या बाजूंना असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र व्यायामाला लवकर दाद देते. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत पँट सैल होते आणि चिमटीत येणारी वळी तेवढीच राहते.

एखाद्या जागेचा व्यायाम केला की त्याच जागेची चरबी जळते, हा समज फार जुना आहे. कॅलिफोर्नियात १९७१ साली टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरच्या चरबीची जाडी मोजली गेली. रॅकेट धरणाऱ्या हाताचा स्नायू मोठा होता, पण त्यावरच्या चरबीचा थर दुसऱ्या हाताइतकाच होता. १९८४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये काही जणांकडून २७ दिवसांत पाच हजारांवर सिट-अप्स करून घेतल्या गेल्या. पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही जागांच्या चरबीचे नमुने आधी आणि नंतर तपासले, तेव्हा पेशींच्या आकारातला फरक तिन्हीकडे सारखाच निघाला. स्नायूला इंधन रक्तातून मिळतं आणि रक्तात ते सगळ्या शरीरातून येतं. पोटावरच्या चरबीला पोटाच्या व्यायामाची वेगळी खबर लागत नाही.

तिसरी गोष्ट पेशींच्या संख्येची. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पॉल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक अफलातून युक्ती वापरून चरबीच्या पेशींचं वय काढलं. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या पेशींमध्ये नोंदल्यासारखा उतरला होता. त्यावरून दिसलं की दरवर्षी साधारण दहा टक्के चरबीपेशी मरतात, तितक्याच नव्या येतात आणि प्रौढ वयात एकूण संख्या जवळजवळ स्थिर राहते. वजन उतरतं तेव्हा पेशी आक्रसतात, नाहीशा होत नाहीत. पेशी काढूनच टाकण्याचं काम आहार-व्यायामाने होत नाही, ते लिपोसक्शनने होतं. या शस्त्रक्रियेचा खरा उपयोग तेवढाच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्याला ‘हट्टी’ म्हटलं जातं, ती चरबी पुष्कळदा हट्टी नसतेच, तिची पाळी अजून आलेली नसते. पुरुषाचे पोटाचे स्नायू साधारणपणे शरीरातली चरबी १०-१२ टक्क्यांवर आल्यावर दिसू लागतात. १८-२० टक्क्यांवर असलेला तरुण ‘सगळं करून पाहिलं’ म्हणतो, तेव्हा त्याच्या बाबतीत उत्तर आणखी सहा महिन्यांचा शिस्तीचा आहार हे असू शकतं. जिममधल्या मशीनवर उभं राहून मिळणारा टक्केवारीचा आकडा पाणी किती प्यायलात यावरही बदलतो. त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नये. सकाळी, उपाशीपोटी, महिनाभराच्या अंतराने मोजलेली कंबर अधिक खरी.

चिमटीत नेमकं काय येतं?

माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. पोट पुढे दिसतं, छाती सैल दिसते, मांडी जाड दिसते, याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. शस्त्रक्रियेनंतर पदरी पडणाऱ्या निराशेचं मूळ बहुतेकदा चुकीच्या गोष्टीवर केलेल्या बरोबर शस्त्रक्रियेत असतं.

उभं राहून पोटाचे स्नायू ताठ करा आणि बेंबीच्या बाजूला अंगठा व बोटांनी चिमूट घ्या. हाताला मऊ, जाड घडी लागली तर ती त्वचेखालची चरबी. लिपोसक्शनची नळी पोहोचते ती इथे. पण पोट पुढे आलेलं आहे आणि चिमटीत मात्र फारसं काही येत नाही, हात लावला तर पोट घट्ट लागतं, असं असेल तर चरबी स्नायूंच्या भिंतीच्या आत आहे. तिथे कोणतीही नळी जात नाही, जाऊ नये. मधुमेह आणि हृदयविकाराशी जवळचं नातं असलेली चरबी हीच, आणि आपल्याकडे हिचाच प्रश्न मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. मोजमापात याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली, युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. हाडापेराने बारीक, वजन नेमस्त आणि तरीही चरबी दुपटीहून अधिक, ही भारतीय शरीराची ठेवण त्या एका फोटोने जगाला दाखवली. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली असेल, तर प्लास्टिक सर्जनच्या आधी फिजिशियनला भेटावं.

तिसरी शक्यता सैल कातडीची. तीस-चाळीस किलो वजन उतरवलेल्यांच्या पोटावर लोंबणारी घडी दिसते. तिच्यात चरबी थोडी आणि ताण हरवलेली त्वचा जास्त असते. इथे लिपोसक्शन केलं तर आतला आधारही जातो आणि कातडी आणखी सुरकुतते. या लोकांना लागते ती टमी टक, म्हणजे जादा त्वचा कापून काढण्याची शस्त्रक्रिया. तिचा व्रण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत जातो. तो कपड्यांखाली झाकला जातो, पण राहतो. एवढी मेहनत घेऊन वजन उतरवलेल्या माणसाला हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, याचं वाईट वाटतं.

चौथी गोष्ट बाळंतपणानंतरची. गरोदरपणात पोटाच्या मधल्या रेषेवर दोन्ही बाजूंचे सरळ स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. बहुतेकींचे ते पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. पाठीवर झोपून डोकं उचललं की पोटाच्या मधोमध उंचवटा येतो किंवा बोटं आत जातील अशी फट लागते. अशा बाईने जोरजोरात क्रंचेस केले तर पोट आणखी पुढे येऊ शकतं. आधी फिजिओथेरपिस्टकडून खोल स्नायूंचे व्यायाम शिकावेत. फट मोठी असेल तर ती टमी टकच्या वेळी टाक्यांनी जवळ आणता येते. ‘बाळंतपणानंतर पोट सुटणारच’ असं म्हणून घरोघरी हा विषय मिटवला जातो, तो मिटवू नये.

पाचवी गोष्ट तरुण मुलांची, आणि ती चारचौघांत बोलली जात नाही. छातीवर स्तनाग्रामागे घट्ट, रबरी चकती लागत असेल तर ती चरबी नसून स्तनग्रंथी आहे. वैद्यकीय नाव गायनॅकोमास्टिया, जिमच्या भाषेत ‘गायनो’. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत ती बऱ्याचदा दिसते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. तेवढा काळ थांबावं. मोठ्या वयात ती यायचं एक मुख्य कारण म्हणजे ॲनाबॉलिक स्टेरॉइड. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि ग्रंथी वाढते. बेंच प्रेस कितीही मारला तरी ती जिरत नाही, उलट खालचा स्नायू वाढल्याने अधिक उठून दिसते. नुसत्या लिपोसक्शननेही ती निघत नाही. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला छोटी चीर देऊन ती कापून काढावी लागते. स्टेरॉइड चालूच राहिलं, तर उरलेला भाग पुन्हा वाढू शकतो. काही औषधांमुळे, यकृताच्या आजारामुळे, क्वचित वृषणाच्या गाठीमुळेही ती होते, म्हणून शस्त्रक्रियेआधी तपासण्या टाळू नयेत.

आणि एक आजारही लक्षात ठेवावा, लिपिडिमा. जवळजवळ नेहमी स्त्रियांनाच होतो. दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखे जाड होतात, पावलं मात्र बारीक राहतात. दाबलं की दुखतं, किरकोळ धक्क्याने काळंनिळं पडतं. वजन उतरवलं तर वरचं शरीर सुकतं आणि पाय तसेच राहतात. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९४० साली याचं वर्णन केलं, तरी आजही अशा कित्येक बायकांना ‘खाणं कमी करा’ एवढंच ऐकावं लागतं.

नळी, पाणी आणि औषध

चरबी काढण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न दुर्दैवी होता. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए या सर्जनने एका नर्तिकेच्या पायांवरची चरबी खरवडून काढायचा प्रयत्न केला. पायाला गँग्रीन झालं आणि पाय कापावा लागला. पुढची कित्येक दशकं या वाटेला फारसं कोणी गेलं नाही. १९७० च्या दशकात रोममधल्या जॉर्जो फिशर यांनी वडिलांच्या साथीने नळीतून चरबी ओढण्याची पद्धत आणली. १९७७ मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरली आणि शिरा-मज्जातंतूंना होणारी इजा कमी केली.

खरी कलाटणी दिली ती कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने, १९८० च्या दशकाच्या मध्याला. त्यांनी मिठाच्या पाण्यात थोडं लिडोकेन आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात ॲड्रेनॅलिन मिसळून ते चरबीत भरपूर भरलं. ॲड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, लिडोकेनने भाग बधिर होतो, पाण्याने चरबी टम्म फुगते आणि नळी सहज फिरते. पूर्वी बाहेर ओढलेल्या द्रवात वीस ते चाळीस टक्के रक्त असायचं, ते या पद्धतीने एखाद्या टक्क्यावर आलं. या पद्धतीला ट्युमेसंट म्हणतात आणि आजची जवळजवळ सगळी लिपोसक्शन तिच्यावरच उभी आहे.

तिच्यातलं एक गणित रुग्णालाही माहीत असावं. एरवी ॲड्रेनॅलिनसह लिडोकेन टोचायची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम धरली जाते. ट्युमेसंट पद्धतीत ते फार पातळ असतं आणि चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून क्लाइन यांनी किलोमागे ३५ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित असल्याचं दाखवलं. ७० किलोच्या माणसासाठी ते २,४५० मिलिग्रॅम होतं. पण औषध हळू उतरतं याचाच दुसरा अर्थ असा, की रक्तातलं त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते शस्त्रक्रियेनंतर बारा तासांच्या आसपास, म्हणजे रुग्ण संध्याकाळी घरी गेल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, बोलणं अडखळणं, गुंगी ही त्याची लक्षणं. म्हणून त्या रात्री घरी जाणतं माणूस जवळ हवं आणि हाताशी डॉक्टरांचा चालू फोन नंबर हवा.

पुढे यंत्रं आली. व्हेसरमध्ये ध्वनिलहरींनी चरबी आधी सैल केली जाते, लेसरमध्ये उष्णतेने, पॉवर-असिस्टेडमध्ये नळीच थरथरते. जाहिरातीत यंत्राचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. निकाल मात्र नळी धरणाऱ्या हातावरच अधिक अवलंबून असतो.

कोरलेले सिक्स पॅक

अमेरिकेत ह्यूस्टनच्या हेन्री मेंट्झ यांनी १९९३ मध्ये पोटाच्या स्नायूंच्या कडांवरची चरबी निवडून काढण्याची पद्धत मांडली. कोलंबियाच्या बोगोता शहरातले आल्फ्रेडो ओयोस यांनी पुढे व्हेसरच्या साहाय्याने तिला ‘हाय डेफिनिशन’ रूप दिलं. मधली पांढरी रेषा, दोन्ही कडांच्या वक्र रेषा आणि आडव्या खाचा यांवरची चरबी त्वचेच्या अगदी जवळून काढली जाते, मधे ती राखली जाते, कधी काढलेली चरबी छातीत किंवा दंडात भरलीही जाते.

ज्याचे स्नायू खरोखर कमावलेले आहेत आणि वर पातळसा थर उरला आहे, त्याला यात चांगला निकाल मिळू शकतो. स्नायूच नसलेल्या पोटावर कोरलेल्या रेषा मात्र वजन चार-पाच किलोंनी वाढलं की विचित्र दिसू लागतात. चरबी जिथे राखली तिथे फुगते, जिथून काढली तिथे खाच तशीच राहते आणि बसल्यावर पोट तुकड्यातुकड्यांत दिसतं. शिवाय त्वचेला लागून काम केल्यामुळे ती भाजण्याचा, खालच्या थराला चिकटण्याचा किंवा ओबडधोबड होण्याचा धोका नेहमीच्या लिपोसक्शनपेक्षा जास्त असतो. पंचविशीतल्या मुलाने लग्नाच्या फोटोंसाठी हे करून घ्यावं असं मला वाटत नाही. पुढची चाळीस वर्षं त्याचं वजन त्याच आकड्यावर राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

गोठवणं आणि इंजेक्शनं

चरबी गोठवण्याची कल्पना बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मानस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांची. थंडीचा त्रास त्वचेआधी चरबीच्या पेशींना होतो, या निरीक्षणावर ती आधारलेली आहे. अमेरिकेत २०१० साली तिला कमरेच्या बाजूंसाठी परवानगी मिळाली. त्या जागेचा थर दोन-तीन महिन्यांत साधारण २० ते २५ टक्क्यांनी पातळ होतो. चीर नाही, भूल नाही, हे खरंच. पण काही थोड्या लोकांत उलटं होतं: चरबी कमी न होता त्या पट्ट्यात घट्ट गाठोड्यासारखी वाढते आणि मग ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. २०१४ साली याची पहिली नोंद झाली. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये आपल्याबाबत हेच घडल्याचं जाहीरपणे सांगितलं.

चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक ॲसिडच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या भागासाठी. ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत पोटावर टोचल्या जाणाऱ्या, बाटलीवर नीट नावही नसलेल्या इंजेक्शनांपासून लांबच राहावं.

काढलेल्या चरबीने तब्येत सुधारते का?

याचं उत्तर २००४ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या सॅम्युएल क्लाइन यांनी दिलं. त्यांनी पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी लिपोसक्शनने काढल्यावर काय होतं ते अभ्यासलं. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा नव्हती. एवढंच वजन आहार-व्यायामाने उतरलं असतं तर या सगळ्यांत फरक पडला असता. चरबी त्वचेखालून गेली होती. यकृतातली, पोटाच्या आतली आणि स्नायूंमधली तशीच होती.

आणि गेलेली चरबी परत येते का? कोलोराडोत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिपोसक्शन झालेल्या स्त्रियांना वर्षभर पाहिलं. वर्षअखेरीस एकूण चरबी पूर्वीइतकी झाली. मांड्या बारीकच राहिल्या, पण पोटावर आणि वरच्या भागात ती साठली. शरीर हिशेब पुरा करतं, फक्त जागा बदलून.

धोका किती?

अमेरिकेतल्या सौंदर्य सर्जनांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. सुमारे ४ लाख ९६ हजार लिपोसक्शनमध्ये ९५ मृत्यू, म्हणजे लाखामागे १९. सर्वांत मोठं कारण पायात तयार झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं हे होतं. पुढच्या पाहण्यांत हे प्रमाण बरंच खाली आलं, पण त्याच बैठकीत टमी टकही उरकली तर ते पुन्हा वाढतं. ‘एकदाच भूल, एकदाच खर्च’ हा सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा. एका वेळी पाच लिटरहून जास्त द्रव काढणं हे मोठं लिपोसक्शन समजलं जातं आणि ते रात्रभर देखरेख असलेल्या रुग्णालयातच व्हावं.

मे २०२२ मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांमध्ये काम करणाऱ्या एका २१ वर्षांच्या अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. तिने घरच्यांना आधी सांगितलं नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. ही शस्त्रक्रिया लपवून करू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. लाज वाटत असेल तर निदान एका विश्वासाच्या माणसाला सांगा, बरोबर न्या.

बाकी त्रास जिवावरचे नसतात, पण पुरे असतात: महिनोन्‌महिने बधिरपणा, त्वचेखाली पाणी साठणं, उंचसखलपणा, दोन बाजूंत फरक, काळपट डाग. आपल्या सावळ्या त्वचेवर डाग जास्त काळ राहतात.

जिममधल्या कोणत्या गोष्टी डॉक्टरांना सांगाव्यात

सगळ्या. स्टेरॉइड घेत असाल तर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढून रक्त दाटलेलं असू शकतं आणि गुठळीचा धोका वाढतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे कळायलाच हवं; तो तुमचा न्यायनिवाडा करायला बसलेला नाही. प्री-वर्कआउट आणि ‘फॅट बर्नर’मधली उत्तेजकं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतात, त्यात शस्त्रक्रियेत ॲड्रेनॅलिनची भर पडते. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, ॲस्पिरिन यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो. क्रिएटिनमुळे रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि मूत्रपिंडाबद्दल उगाच शंका येते. सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर पोट उशिरा रिकामं होतं. आठ तास उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात.

वजन उचलणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची: बेंबीचा छोटा हर्निया. जड डेडलिफ्ट मारणाऱ्याला तो असू शकतो आणि त्याच्या लक्षातही आलेला नसतो. लिपोसक्शनची नळी त्या भोकातून आत गेली तर आतड्याला इजा होते. पोटावरच्या लिपोसक्शनआधी सर्जनने उभं करून, खोकायला लावून पोट तपासलं का, शंका असल्यास सोनोग्राफी सांगितली का, हे पाहा.

डॉक्टर निवडताना

प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी पाहावी. ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’, ‘एस्थेटिक फिजिशियन’ या पाट्या म्हणजे सर्जरीचं शिक्षण नव्हे. डॉक्टरांची नोंदणी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या किंवा राज्याच्या वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते. भूल कोण देणार, तो पूर्ण वेळ खोलीत असणार का, अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे, किती लिटर काढणार, लिडोकेन किती देणार, हे विचारा. या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर सोडून द्यावा. आणि ‘यात तुम्हाला फायदा नाही’ असं म्हणून परत पाठवणारा भेटला, तर त्याचं ऐकावं. आरोग्यविम्यात अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची दुरुस्ती सोडली तर सौंदर्य शस्त्रक्रिया बसत नाही. गुंतागुंत झाली तर तो खर्चही खिशातूनच जाऊ शकतो, हे धरून चालावं.

एक प्रश्न स्वतःलाही विचारायचा. हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयातल्या हॅरिसन पोप यांनी १९९० च्या दशकात शरीरसौष्ठवपटूंमधल्या एका मनोविकाराचं वर्णन केलं. भरदार शरीराच्या माणसाला आरशात आपण किरकोळ किंवा बेढब दिसतो. तो दिवसातून अनेकदा आरसा बघतो, पोहायला किंवा समुद्रावर जायचं टाळतो, एक दोष सुधारला की दुसरा शोधतो. अशा माणसाला शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही. घरच्यांना दिसत नसलेली वळी तुम्हाला दिवसभर छळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं.

परत जिमला

शस्त्रक्रियेच्या दिवशीच संध्याकाळी खोलीत चालायचं, गुठळी टाळण्यासाठी. घट्ट पट्ट्याचा पोशाख साधारण चार ते सहा आठवडे अंगावर ठेवायचा. मे महिन्यात तो नकोसा होतो, म्हणून पुष्कळ जण थंडीत करून घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरभर चालणं, चौथ्याच्या सुमारास हलकी वजनं, सहा आठवड्यांनंतर सर्जनच्या परवानगीने जड. पहिल्या महिन्यात सुजेमुळे वजन आणि कंबर वाढलेलीही दिसेल. अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो आणि दुरुस्तीचा विचार त्याआधी करू नये. स्पर्धेची तारीख समोर असेल तर हा हिशेब आधी मांडावा.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठातल्या फाबियाना बेनाती यांनी २०१२ मध्ये नेमस्त वजनाच्या ३६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या पोटावर लहान लिपोसक्शन झालं होतं. दोन महिन्यांनी निम्म्या जणींनी आठवड्यातून तीनदा व्यायाम सुरू केला, बाकीच्यांनी केला नाही. सहा महिन्यांनी पोटाचा बाहेरचा थर दोन्ही गटांत कमीच होता. व्यायाम न करणाऱ्यांच्या पोटाच्या आतली चरबी मात्र दहा टक्क्यांनी वाढली होती. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही.